खंबीर नायिकेची कादंबरी हातात घेतानाच कशी ओळखायची?

पानखूण

वाचनगटासाठी सहा कादंबऱ्या निवडायच्या आहेत. नायिका खऱ्या अर्थाने खंबीर हवी आणि वाचताना मजा यायला हवी, अभ्यासाला लावलेलं पुस्तक वाटता कामा नये. अडचण अशी की मलपृष्ठावर सगळ्याच नायिका ‘करारी’, ‘बंडखोर’, ‘स्वतंत्र बाण्याच्या’ असतात. पहिली साठ-सत्तर पानं तसं वाटतंही. मग मध्यावर कुठेतरी ती बाजूला पडते, गोष्ट दुसऱ्याच कुणाच्या हातात जाते आणि शेवटी तिला कुणीतरी येऊन सोडवतं.

पूर्ण न वाचता, शेवट न फुटता हे आधी कळण्याची काही खूण आहे का? अर्ध्यानंतर नायिका ढेपाळते ती का? आणि अनुवादित कादंबरी घ्यायची तर वेगळं काय पाहायचं? नुसती नावांची यादी नको, पारख कशी करायची ते सांगा.

रेघोटी

गोष्टीत रमलेला वाचक दोनपैकी एका प्रश्नापायी पान उलटतो. ‘आता हिचं काय होणार?’ किंवा ‘आता ही काय करणार?’ पहिल्यात काळजी असते, दुसऱ्यात उत्सुकता. पुस्तक दोन्हींत हातातून सुटत नाही, पण तुम्ही म्हणता तशी नायिका दुसऱ्या प्रश्नातच सापडते. कुठला प्रश्न चालू आहे ते क्रियापदांवरून कळतं.

तीनशे पानांचं पुस्तक असेल तर ४०, १५० आणि २२० या पानांपासून प्रत्येकी चार पानं वाचा. बारा पानं होतात, अर्ध्या तासाचं काम. शेवटची पाऊणशे पानं उघडतच नसल्यामुळे शेवट फुटत नाही. पहिली वीस पानं मुद्दाम टाळायची, कारण तिथे प्रत्येक लेखक नायिकेला झोकात उभी करतो. वाचताना कागदावर दोन रकाने आखा. एकात ‘तिला’ची वाक्यं मोजा: तिला वाटलं, तिला कळलं, तिला भरून आलं. दुसऱ्यात ‘तिने’ची: तिने ठरवलं, तिने नाकारलं, तिने विचारलं.

एकच प्रसंग दोन तऱ्हांनी लिहून पाहा.

‘तिला पत्र मिळालं. तिला धक्काच बसला. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.’

‘तिने पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि उत्तर न लिहिता परत पाकिटात ठेवलं.’

दुसऱ्या तुकड्यात दुःख कमी नाही. फक्त ते तिच्या हातांत दिसतं, आणि उत्तर का लिहिलं नाही हे कळेपर्यंत वाचकाला चैन पडत नाही.

‘तिने खिडकी लावली, तिने केस विंचरले’ ही वाक्यं मोजू नका. ज्या कृतीमुळे दुसऱ्या कुणाचं काहीतरी बदलतं तेवढीच धरा. बारा पानांत अशा चार-पाच कृतीही निघत नसतील तर ते पुस्तक या यादीत नको, मग भाषा कितीही देखणी असो.

अर्धविराम

रकान्यांची कल्पना चांगली आहे, पण ‘ने’वर विसंबून चालणार नाही. गोष्टीच्या निवेदनात ‘ने’ येतो तो मुख्यतः भूतकाळात आणि बहुतेक सकर्मक क्रियापदांबरोबर. ‘ती निघाली’, ‘ती म्हणाली’, ‘ती शिकली’ यांत ‘ने’ नाही, तरी निघणं ही कादंबरीतली सगळ्यात मोठी कृती असू शकते. वर्तमानकाळात लिहिलेल्या कादंबरीत तर ‘ने’ जवळजवळ दिसणारच नाही. आणि निवेदन ‘मी’चं असेल तर ‘मी ठरवलं’ आणि ‘मी निघाले’ वरून सारखेच दिसतात. तिथे मोजायचं ते ‘मला’.

त्याहून महत्त्वाची एक रचना राहिली. ‘तिच्या हातून चूक झाली’, ‘तिच्याकडून होकार गेला’. ही वाक्यं दिसली की तिथे थांबा. लेखकाने तिच्या कृतीची जबाबदारी अलगद काढून घेतलेली असते. ‘तिने होकार दिला’ असं लिहिलं तर त्या होकाराचे परिणाम तिचे होतात, आणि नायिका घडते ती परिणामांनी. जो लेखक तिला चुकूही देत नाही, तो पुढे तिला जिंकू देईल याची खात्री नाही.

आणि ‘तिला’चा रकाना भरला म्हणून पुस्तक लगेच बाद करू नका. हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ घ्या. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ती क्रमशः आली. यमूच्या आयुष्यातले निर्णय बहुतेक दुसरेच घेतात, रकाने मोजले तर ती पहिल्या फेरीतच बाद होईल. पण सगळी हकिगत ती स्वतःच्या तोंडाने सांगते. काय सांगायचं, कुठल्या माणसाला किती जागा द्यायची, कुठे थांबून वाचकाला जाब विचारायचा, हे सगळं तिचं. बळ निवेदनात असेल तर घटनांत शोधून सापडत नाही. म्हणून आधी निवेदक कोण ते पाहा, रकाने नंतर.

परिस्थितीचं बळ आणि नायिकेचं बळ यांतही गल्लत होते. सभापर्वातली द्रौपदी आठवा. तिला सभेत आणायला प्रातिकामी, म्हणजे दुर्योधनाने धाडलेला निरोप्या, येतो. ती निघत नाही. ‘आधी स्वतःला हरलात की मला, हे त्या जुगाऱ्याला विचारून ये’ असं सांगून त्यालाच परत पाठवते. हातात शस्त्र नाही, बाजूला कुणी नाही, पुढे तिला फरफटत नेतात ते नेतातच. तरी त्या निरोप्याची ती परतीची फेरी ही तिची कृती आहे. त्या एका प्रश्नाने सभेतल्या थोरामोठ्यांची वाचा बसते. भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे म्हणून हात टेकतात, कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलतो. तलवारबाज नायिकेच्या शोधात असलेल्यांच्या नजरेतून असले प्रसंग निसटतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मलपृष्ठ

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. अर्ध्यानंतर ढेपाळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लेखकाने तिला इच्छा दिलेली असते, साधन दिलेलं नसतं. तिला शिकायचंय, घर सोडायचंय, खटला लढायचाय. पण तिला नेमकं काय येतं, तिच्याकडे पैसे किती, दिवसातला वेळ किती, कोण तिचं ऐकतं, हे पहिल्या शंभर पानांत ठरलेलंच नसतं. मग संकट आलं की उत्तर तिच्यातून निघू शकत नाही, ते बाहेरून आणावं लागतं. अचानक सापडलेलं मृत्युपत्र, खलनायकाचा अपघात, वीस वर्षांनी उगवलेला काका.

योगायोगाने ती संकटात सापडली तर वाचक कुरकुरत नाही. योगायोगाने सुटली की मात्र फसवल्यासारखं वाटतं. म्हणून शंभराव्या पानाशी थांबून विचारा: हिला काय येतं ते मला एका वाक्यात सांगता येईल का? ‘ती हुशार आहे’ हे उत्तर नाही. ‘ती हिशेबातली खोट पकडते’ हे उत्तर आहे, कारण पुढे ती खोट कुठे सापडणार याची वाट पाहता येते.

दुसरं कारण प्रेमकथेचं. नायक आला म्हणून नायिका दुबळी होत नाही. तो आल्यावर तिचे आधी चालू असलेले प्रश्न लेखक सोडून देतो, म्हणून होते. तिचा आधीचा उद्योग, तिची मैत्रीण, तिचं भांडण नायकाच्या प्रवेशानंतर तीस पानांत एकदाही डोकावलं नाही तर पुढे डोकावण्याची आशा कमीच.

याच्या उलट टोकालाही एक चूक होते, अचूक नायिकेची. सगळं येतं, सगळे भाळतात, काही गमवावं लागत नाही. अशा पात्राला इंग्रजीत ‘मेरी सू’ म्हणतात. पॉला स्मिथ यांनी १९७३ साली हौशी लेखकांच्या कथांवर लिहिलेल्या एका विडंबनातून ते नाव आलं. पुढे कुठल्याही कर्तबगार नायिकेला ते चिकटवायची सवय लागली, ती चुकीची आहे. कर्तबगारी हा दोष नव्हे. निर्णयाची किंमत न मोजणं हा दोष. निम्म्या पुस्तकापर्यंत स्वतःच्या निर्णयापायी तिने काय गमावलं, एवढंच पाहा.

अवांतर: बेक्डेल चाचणी (१९८५, अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या चित्रमालिकेतली) इथे हमखास सुचवली जाते. दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात, पुरुषाखेरीज विषयावर. उपयोगी आहे, पण ती नायिकेचं बळ मोजत नाही, गोष्टीत स्त्रियांना जागा आहे की नाही एवढंच सांगते. बेटावर एकट्या अडकलेल्या कणखर बाईची कादंबरी त्यात नापास होईल.

पानखूण

फारच उपयोगी. शंभराव्या पानाचा प्रश्न लगेच लागू करते. पण एक शंका. रकाने, मोजणी, चाचण्या यांत वाचनाची मजाच गेली तर? गटातल्या काहींची वाचनाची सवय सुटली आहे, त्यांना आधी गोडी लागायला हवी.

रेघोटी

मोजणी फक्त निवडणाऱ्याने करायची, आणि तीही एकदाच. वाचणाऱ्यांच्या हातात पेन्सिल देऊ नका.

गोडी जाते ती बहुतेकदा पुस्तक संपवलंच पाहिजे या समजुतीने. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांचा एक नियम आहे: पन्नास पानं वाचून पाहा, नाही जमलं तर ठेवून द्या. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढी पानं. म्हणजे सत्तरीच्या वाचकाने तीसच पानांत ठरवायचं. डॅनियल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क मांडले, त्यांत पानं गाळण्याचा आणि पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क अगदी वर आहेत. गटात पहिल्याच दिवशी हे मोकळेपणी सांगून टाका.

पानं गाळायची तर वर्णनं गाळा, संवाद नको. नायिका खंबीर असेल तर ती बोलण्यात दिसते, आणि कधीकधी जिथे उत्तर द्यायचं टाळते तिथे जास्त दिसते.

सवय सुटलेल्यांसाठी क्रमशः छापून आलेल्या जुन्या कादंबऱ्या फार चांगल्या. प्रकरण संपताना काहीतरी लटकतं ठेवायचं हे लेखकाला भागच असायचं. रोज एकच प्रकरण वाचायचं, दुसरं उघडायचं नाही. उत्सुकता रात्रभर राहू दिली की दुसऱ्या दिवशी पुस्तक आपोआप हातात येतं. किती वेळ लागेल याचा अंदाज हवा असेल तर घड्याळ लावून दहा पानं वाचा. दहा पानांना वीस मिनिटं लागली तर तीनशे पानांना दहा तास, म्हणजे रोज वीस मिनिटांनी महिना. एवढा हिशेब डोळ्यांसमोर असला की जाडजूड पुस्तकाचं दडपण उतरतं.

आणि सहाही पुस्तकं एकाच वळणाची घेऊ नका. घर सोडून निघणारी नायिका लागोपाठ तीनदा आली की तिसरीचं धाडस वाचकाला दिसेनासं होतं. दोष तिचा नसतो, क्रमाचा असतो. मध्ये एखादी रहस्यकथा घाला, जिथे नायिका नुसती बारकाईने पाहते आणि विचारते.

अर्धविराम

अनुवादाचं राहिलं. इंग्रजी मूळ असेल तर सगळ्यात आधी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ पाहा. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कोण कुणाला काय म्हणतं हे पूर्णपणे अनुवादकाच्या हातात असतं. नवरा ‘तू’ म्हणतोय आणि नायिका ‘अहो, तुम्ही’ म्हणतेय, असं अनुवादकाने सवयीने लिहून टाकलं की मूळ पुस्तकात बरोबरीने भांडणारी बाई मराठीत खालच्या पायरीवरून बोलू लागते. एकही घटना बदललेली नसते, तरी नायिका बदलते.

सगळीकडे ‘तू’ करणं हा मात्र उपाय नव्हे. शार्लट ब्रॉन्टीच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) जेन ही रॉचेस्टरच्या घरची शिक्षिका, त्याच्याहून बरीच लहान, आणि त्याला ‘सर’ म्हणणारी. तेविसाव्या प्रकरणात बागेत ती त्याला सुनावते की आपण गरीब आणि रूपाने साध्या असलो तरी जीव आणि मन आपल्यालाही त्याच्याइतकंच आहे. तिथे मराठीत तिला ‘तू’वर आणलं तर वाक्य सोपं होतं आणि दम जातो. ‘तुम्ही’ कायम ठेवून हे बोलणं, यातच तिचं तेज आहे. तेव्हा दोन अनुवाद मिळत असतील तर असा एखादा वादाचा प्रसंग निवडून शेजारी शेजारी ठेवा आणि मोठ्याने वाचा.

मग ‘तिला’ची तपासणी इथेही करा, थोडी वेगळ्या तऱ्हेने. इंग्रजीत आवडणं, आठवणं, समजणं ही कर्त्याची कामं असतात. मराठीत ती ‘तिला आवडलं’, ‘तिला आठवलं’ अशीच येणार, त्याला इलाज नाही आणि तो अनुवादकाचा दोषही नाही. दोष तेव्हा, जेव्हा मुळात तिने ‘ठरवलेलं’ असतं आणि मराठीत तिला ‘वाटतं’. मूळ प्रत हाताशी असेल तर मोठ्या निर्णयाचं एकच पान काढून तेवढं क्रियापद ताडून पाहा. पाच मिनिटं लागतात.