म्हाताऱ्या लॅब्रेडॉर कुत्रीला सांधेदुखी, माणसांची पेनकिलर चालते का?

मिनूची_ताई
मंडळी अर्जंट आहे. आमची मिनू, लॅब, ११ वर्षांची, वजन ३२ किलो. थंडी पडायला लागली तसे तिचे मागचे पाय धरतात, सकाळी उठताना कण्हते, थोडं चालली की मोकळी होते, जिना मात्र चढतच नाही आता. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील. शेजारचे काका म्हणतायत अर्धी कॉम्बिफ्लाम दे, आमच्या टॉमीला कायम द्यायचो काही झालं नाही. देऊ का? आणि सातारा किंवा आसपास कुणी चांगले व्हेट असतील तर सुचवा.

अण्णा_वाईकर
नको नको नको. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि वर पॅरासिटामॉल ३२५ असतं. आयब्युप्रोफेनने कुत्र्यांना पोटात अल्सर होतात, जास्त गेलं तर किडन्या जातात. काकांच्या टॉमीचं नशीब चांगलं होतं एवढंच.

खंडू_आणि_मी
आमच्याकडे डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम दिलं होतं, कुत्र्यांचं सिरप, मेलोनेक्स. छान फरक पडला. तेच आणा की मेडिकलमधून, माणसांच्या गोळ्यापण मिळतात त्या नावाच्या, स्वस्त पडतात.

व्हेट_पुणेकर
मी पुण्यात प्रॅक्टिस करते. न तपासता डोस सांगत नाही, पण खंडूवाल्यांचं वाचून राहवलं नाही म्हणून हिशोब मांडते. कुत्र्यात मेलॉक्सिकॅम साधारण पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिग्रॅ आणि नंतर ०.१, तेही दिवसातून एकदाच. म्हणजे ३२ किलोच्या मिनूला रोजचे ३.२ मिग्रॅ झाले. माणसांची गोळी ७.५ किंवा १५ ची येते. आता ती १५ ची कुणी "अर्धीच तर देतोय" म्हणून रोज दिली तरी दुपटीच्या वर जातंय, आणि पाच किलोच्या पॉमेरेनियनला दिली तर विचारूच नका. सिरपचंही तसंच, बाटलीवर एका एमएलमध्ये किती मिग्रॅ ते वाचायचं, चमच्याने अंदाजे ओतायचं नाही, सिरिंजने मोजायचं आणि जेवणानंतरच द्यायचं.

दुसरं, आपल्याकडे लंगडणारं कुत्रं म्हणजे संधिवातच असं धरू नका. गोचीड ताप असला तरी सांधे दुखतात आणि त्यात प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात, अशा वेळी पेनकिलरने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून आधी रक्ताच्या टेस्ट करून घ्या: सीबीसी (रक्तपेशी, प्लेटलेट्स), क्रिएटिनिन (किडनी) आणि एसजीपीटी (लिव्हर). म्हातारं कुत्रं असेल आणि औषध महिनोन्‌महिने चालणार असेल तर या टेस्ट मधूनमधून परत कराव्या लागतात.

मिनूची ताई, तिला खाजेसाठी वगैरे वायसोलोन चालू आहे का? ते स्टिरॉइड आहे, त्याच्यासोबत मेलॉक्सिकॅमसारखी कुठलीच पेनकिलर चालत नाही, मध्ये काही दिवसांची गॅप लागते.

मिनूची_ताई
बाप रे, वायसोलोन दिवाळीच्या आधी होती, आता बंद आहे. गोचीड मात्र सापडले होते मागे 😟 मग सोमवारपर्यंत करू काय?

अण्णा_वाईकर
सोमवारपर्यंत थांबताच कशाला, शिरवळला सरकारी व्हेटर्नरी कॉलेज आहे, तुमच्याच जिल्ह्यात, हायवेवर. आधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा. मुंबईकडच्यांनी वाचत असाल तर परळचं बाई साकराबाई हॉस्पिटल आहेच.

व्हेट_पुणेकर
शिरवळ उत्तम. तोपर्यंत जाड गादी, गुळगुळीत फरशीवर चटया किंवा जुनी सतरंजी टाका, पाय घसरला की जास्त दुखतं. कपड्यात गुंडाळून कोमट शेक चालेल. फेरी छोटी पण दोनतीनदा. व्होलिनी वगैरे चोळू नका, ती चाटणार आणि ते सगळं पोटात जाणार. ११ व्या वर्षी वजन ३२ म्हणजे थोडं उतरवायलाही वाव असेल, ते प्रत्यक्ष बघून ठरेल. आणि जेव्हा केव्हा औषध सुरू होईल तेव्हा उलटी, जेवण सोडणं, एकदम खूप पाणी पिणं किंवा डांबरासारखी काळी शी दिसली की पुढचा डोस द्यायचा नाही, लगेच फोन करायचा.

गोठा_आणि_घर
आमच्या गावात मेडिकलवाला गुरांचं म्हणून डायक्लोफेनॅक या पेनकिलरचं इंजेक्शन काढून देतो अजून, कुत्र्याला पण मारतात लोक. गुरांनाच २००६ पासून बंदी आहे, हे औषध दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मेली म्हणून. २०२३ ला केटोप्रोफेन न् अॅसिक्लोफेनॅकवर पण आली. पण ऐकतो कोण.

मांजरवेडी
थोडं अवांतर, पण मांजरवाल्यांनो पॅरासिटामॉल म्हणजे मांजराला सरळ विष आहे, पाव गोळीसुद्धा नको. क्रोसिन, डोलो सगळं त्यातच आलं.

खंडू_आणि_मी
बरं झालं सांगितलं, माणसांच्या गोळीचं मागे घेतो. गॅबापेन्टिन पण देतात ना दुखण्याला?

व्हेट_पुणेकर
देतो, पण मेडिकलमध्ये नुसतं गॅबापेन्टिन कमी आणि नॉर्ट्रिप्टिलिन (दुसरंच औषध, डिप्रेशनचं) मिसळलेलं जास्त हातात ठेवतात, पट्टीवरचं सगळं नाव वाचा. परदेशातून सिरप मागवणाऱ्यांनी त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) आहे का बघा, कुत्र्यांची शुगर धाडकन खाली येते त्याने.

मिनूची_ताई
शिरवळला फोन झाला, उद्या सकाळी नेतोय, जुनी प्रिस्क्रिप्शनं सोबत घेतलीयत. काकांना कॉम्बिफ्लामचं सांगितलं तर म्हणतात हल्लीची कुत्री नाजूक झालीत 🤦