ईरासाठी उन्हाळी कॅम्प: मुलींचाच हवाय, पण कुठला?

सायली (प्लेन्सबरो, न्यू जर्सी), रविवार, 18 जानेवारी 2026

नमस्कार मंडळी,

काल संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगुळाच्या ताटाला लागूनच गर्ल स्काउट्सच्या (मुलींची स्काउट संघटना, कॅम्पही चालवते) कुकीजचं टेबल होतं. ते बघून धस्स झालं. उन्हाळ्याच्या कॅम्पची नावनोंदणी सुरू झालीय आणि मी अजून काहीच ठरवलेलं नाही.

ईरा सहावीत आहे, मार्चमध्ये बारा पूर्ण होतील. गेल्या वर्षी तिला रोबोटिक्सच्या एका डे कॅम्पला घातलं होतं. सोळा जणांत मुली दोन. पहिल्या दिवशी हात रंगवून घरी आली. म्हटलं, रोबोटला रंग दिलात की काय? तर म्हणे, "मला पोस्टर दिलं. माझं अक्षर छान आहे ना!" पाचही दिवस पोस्टरच. शुक्रवारी पालकांना बोलावलं तेव्हा मुलांनी रोबोट पळवला आणि ही शेजारी पोस्टर धरून उभी. कोणी तिच्याशी वाईट वागलं असंही नाही, त्यामुळे तक्रार तरी काय करायची?

म्हणून यंदा फक्त मुलींचा कॅम्प शोधतेय. कोडिंगच हवं असं काही नाही. राहायला पाठवावं की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. निखिल म्हणतो अजून लहान आहे, ईरा म्हणते मी जाणार. सासूबाई मे महिन्यात साताऱ्याहून येतायत. शिवाय आम्ही शाकाहारी.

कोणाच्या मुली गेल्या असतील तर सांगा ना.

मिलिंद (एडिसन), रविवार, 18 जानेवारी

सायली, कॅम्प कुठला ते इथल्या बायका सांगतीलच. मी पैशांचं सांगतो.

ऑफिसमधून डिपेंडंट केअर एफएसए (मुलं सांभाळायच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त बाजूला ठेवलेले पैसे) घेतला असेल तर डे कॅम्पची फी त्यातून भरता येते, मग तो पोहण्याचा असो की कोडिंगचा. अटी दोन. मूल 13 वर्षांच्या आतलं हवं आणि नवराबायको दोघंही नोकरी करणारे किंवा नोकरी शोधणारे हवेत. मर्यादा इतकी वर्षं 5,000 डॉलर होती, यंदापासून 7,500 झाली. पण राहायचा कॅम्प यात बसत नाही, रात्रीचा खर्च वजा करूनसुद्धा नाही. मी एकदा चुकून टाकला होता, सगळं निस्तरता निस्तरता एप्रिल उजाडला. कॅम्पचा टॅक्स आयडी आधीच मागून ठेव, टॅक्स भरताना फॉर्म 2441 वर लिहावा लागतो. ऑगस्टनंतर त्यांच्या ऑफिसात कोणी फोन उचलत नाही.

वैशाली (ईस्ट ब्रन्सविक), सोमवार, 19 जानेवारी

मिलिंदभाऊ, "इथल्या बायका सांगतीलच" हे वाचलं बरं का. यंदा गणपतीत मोदकांचं तुम्ही बघा, हिशेब आम्ही बघतो.

सायली, माझ्या दोन मुली या सगळ्यातून गेल्या, म्हणून जरा लांबण लावते.

आधी काय टाळायचं ते. ईरा आठवीत गेली की घरी जाड कागदाची पत्रं येऊ लागतील. सोनेरी शिक्का, "आपल्या कन्येची निवड झाली आहे", कुठल्याशा मोठ्या विद्यापीठाच्या आवारात नऊ दिवस नेतृत्व शिबिर, फी काही हजार. माझ्या थोरलीला आलं तेव्हा मी ते पत्र देवापुढे ठेवलं होतं! नंतर कळलं की तिच्या वर्गात निम्म्या जणांना आलं होतं. खोल्या विद्यापीठाच्या, कार्यक्रम भलत्याच कंपनीचा. कॉलेज प्रवेशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. फसवणूक म्हणणार नाही, मुलीने मजा केली. पण तेवढ्या पैशांत आम्ही चौघं भारतात जाऊन आलो असतो.

आता चांगलं. कोडिंगच असेल तर गर्ल्स हू कोड बघ. रेश्मा सौजानींनी 2012 मध्ये सुरू केलेली संस्था. उन्हाळी कार्यक्रम फुकट आणि ऑनलाइन असतात, पण हायस्कूलच्या मुलींसाठी. ईराच्या वयाला त्यांचे क्लब चालतात. टेक्नोव्हेशन गर्ल्स 8 ते 18 वर्षांच्या मुलींसाठी, तेही फुकट. आपल्या भागातली एखादी अडचण शोधायची आणि मैत्रिणींनी मिळून त्यावर ॲप करायचं. मात्र ते शाळेच्या वर्षात चालतं, उन्हाळ्यात नाही. पुढे अकरावीबिकरावीत गेली की मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात मुलींसाठी विज्ञान-इंजिनिअरिंगचा निवासी कार्यक्रम असतो, प्राध्यापकांच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम. धाकटी तिथे गेली होती. महाग आहे, मदत मिळते, अर्ज वेळेत करावा लागतो.

पण मला विचारशील तर बारा वर्षांच्या मुलीला आधी तळ्याकाठी आठवडाभर पाठव. गर्ल स्काउट्सचा एक कॅम्प आपल्याच राज्यात स्वार्ट्सवुड तळ्यावर आहे, हर्बर्ट हूवर अमेरिकेचे अध्यक्ष होते त्यांच्या पत्नीच्या, लू हेन्री हूवरच्या नावाचा. बाई स्वतः भूगर्भशास्त्र शिकलेली आणि गर्ल स्काउट्सची अध्यक्षही होती. आधी ट्रूपमध्ये (त्यांच्या गटात) असलंच पाहिजे असं नाही, सभासद व्हायचं की झालं. फी झेपत नसेल तर कॅम्परशिप, म्हणजे फीसाठी मदत, मागायला लाजू नका. कुकीज विकून मिळणारे पॉइंटही बऱ्याच ठिकाणी कॅम्पच्या फीला लावता येतात. म्हणजे परवा मी सहा डबे घेतले ते सत्कारणीच लागले. (थिन मिंट्स फ्रीजरमध्ये ठेवा.)

जाता जाता एक गंमत. गर्ल स्काउट्स सुरू करणारी ज्युलिएट गॉर्डन लो दोन्ही कानांनी अधू होती. एक कान आधीच एका उपचारात बिघडला होता, आणि तिच्या लग्नात वऱ्हाडाने उधळलेल्या तांदळाचा दाणा दुसऱ्या कानात गेला, तो काढताना तोही दुखावला. अक्षता! तो संसार काही धड झाला नाही. पुढे 12 मार्च 1912 ला सव्हानामध्ये तिने 18 मुली गोळा केल्या, आणि त्या काळी मुलींना गिरिभ्रमण, तंबू, बास्केटबॉल असलं सगळं करायला लावलं.

प्रसाद (वेस्ट विंडसर), सोमवार, 19 जानेवारी

सगळ्यांची क्षमा मागून वेगळा सूर लावतो. मुलींना वेगळं ठेवून काय साधतं? उद्या ऑफिसात मुलगेच असणार आहेत. तिथे पोस्टर धरायचं नाही हे मुलांसमोरच शिकायला हवं ना?

दुसरं, गेल्या जुलैचं टेक्सास विसरलात का? 4 तारखेच्या पहाटे ग्वादालूपे नदीला पूर आला आणि कॅम्प मिस्टिकमधल्या मुली आणि त्यांना सांभाळणाऱ्या काउन्सेलर मिळून 27 जणी गेल्या. मुलींचाच कॅम्प, जुना, नावाजलेला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. मी ती बातमी वाचून दोन रात्री झोपलो नव्हतो.

त्यापेक्षा सरळ भारतात पाठवा. आजोळी राहील, मराठी सुधारेल, तिकडे शिबिरंही भरपूर असतात.

सायली, सोमवार, 19 जानेवारी

प्रसाद, भारताचा प्रयोग दोनदा झालाय. तिकडची शिबिरं एप्रिल-मेमध्ये, आपल्या शाळा सुटणार जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. आपण पोचतो तोवर तिकडे शाळा सुरू होऊन भावंडं रेनकोट घालून रिक्षात बसलेली असतात. मागच्या खेपेला ईरा महिनाभर साताऱ्यात पाऊस बघत बसली आणि आजीबरोबर मालिका बघून मराठीत "तुझं कारस्थान मला कळलंय" म्हणायला शिकली.

टेक्सासचं मात्र माझ्याही मनात आहे. म्हणूनच विचारतेय.

मुक्ता (न्यू ब्रन्सविक), बुधवार, 21 जानेवारी

हाय सगळ्यांना. मी वैशाली मावशीच्या शेजारची, रटगर्स विद्यापीठात सोफोमोर, म्हणजे दुसऱ्या वर्षाला. मावशीने हा थ्रेड पाठवला. मराठी टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

मी दोन उन्हाळे मुलींच्या कॅम्पवर काउन्सेलर होते, ससेक्स काउंटीत. तिथे आम्हाला खरं नाव वापरायचं नसतं, प्रत्येकीचं कॅम्पचं नाव असतं. माझं चटणी.

प्रसादकाका, तुमचा प्रश्न बरोबर आहे. फक्त तो कॅम्पला विचारायचा. तंबू पाण्यापासून किती लांब आणि किती उंचीवर आहेत? रात्री वादळाचा इशारा कोणाच्या फोनवर येतो, आणि तिथे सिग्नल आहे का? मुलींना कुठे न्यायचं, ती जागा ठरलेली आहे का? आमच्याकडे पहिल्याच संध्याकाळी त्याची ड्रिल असते, मुली कंटाळतात पण करतात. न्यू जर्सीत कॅम्पला राज्याच्या आरोग्य खात्याचं सर्टिफिकेट लागतं, ते दाखवा म्हणा. अमेरिकन कॅम्प असोसिएशनची मान्यता त्याहून वेगळी आणि ऐच्छिक असते. त्यांच्या नियमाने 9 ते 14 वर्षांच्या आठ मुलींमागे एक मोठी व्यक्ती हवी, राहायच्या कॅम्पला. टेक्सासने नंतर कायदा केला, पूररेषेत केबिन असेल तर लायसन्स नाही. जो कॅम्प या प्रश्नांवर चिडेल तिथे पाठवू नका. मी डायरेक्टरला असे फोन घेताना पाहिलंय. चांगली डायरेक्टर चिडत नाही, ती नकाशा पाठवते.

मुलगे नसल्याने काय होतं? मला आधी काहीच वाटलं नव्हतं. पण आमच्याकडे केपर चार्ट असतो. म्हणजे कामांची वाटणी: जेवणाची टेबलं, लाकडं, आग, संडास. रोज फिरतं. गेल्या जुलैत रात्री पाऊस आला आणि एका तंबूचा दोर सुटला. पाच मुली आत, वय अकरा. मी पोचेपर्यंत त्यांनी टॉर्च दातात धरून दोर बांधलापण होता. गाठ चुकीची होती. सकाळपर्यंत टिकली. दादाला बोलवा असं कोणी म्हणालं नाही, कारण दादा नव्हताच.

आता प्रॅक्टिकल गोष्टी, ज्या आई लोक ग्रुप मेलमध्ये विचारत नाहीत.

पाळी. अकरा-बारा वर्षांच्या मुली, दर आठवड्याला कोणाची तरी पहिली पाळी कॅम्पवरच येते. तिला आधी सांगून ठेवा, एक छोटी पिशवी भरून द्या, आली नसेल तरी. पोहायच्या तासाला बसून राहिलं तर कोणी कारण विचारत नाही. आमच्या केबिनमध्ये एकीला आली तेव्हा बाकीच्यांनी तिला गाणं म्हटलं. ती लाजली, पण खूश होती.

केस. आल्याआल्या उवा तपासतात, सगळ्यांच्या. अपमान वाटून घेऊ नका. लांब केस असतील तर स्वतःची वेणी घालायला आधी शिकवा. मी रोज सकाळी सात वेण्या घालायचे.

खाऊ. देऊ नका. लाडू तर अजिबात नको. तिकडे काळी अस्वलं खरंच आहेत आणि तंबूत खायला काही ठेवलं की येतात. एका आजीने उशीच्या अभ्र्यात चिवडा शिवून दिला होता. सापडला. शाकाहारी जेवण मिळतं, फॉर्मवर नीट लिहा, अंडं चालतं की नाही तेही. पण खरं सांगते, पास्ता आणि ग्रिल्ड चीज बरंच होतं.

टिक्स, म्हणजे गोचिडी. त्यांच्या चाव्याने होणाऱ्या लाइम डिसीजमुळे रोज संध्याकाळी अंग तपासायचं असतं, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. तिला घरीच सवय लावा.

फोन नसतो. पत्रं असतात. डाक हळू येते म्हणून पाच पत्रं लिहून पहिल्या दिवशीच आमच्याकडे द्या, आम्ही रोज एक देतो. "तुझ्याशिवाय घर सुनं वाटतं" असं लिहू नका प्लीज, मग रात्रभर मला बसावं लागतं. आणि "नाही आवडलं तर लगेच न्यायला येईन" हे वचन देऊ नका. दुसरी रात्र सगळ्यात वाईट असते. वचन दिलेलं असलं की मुलगी फक्त गाडीची वाट बघते.

एका मुलीला आजीचं मराठी पत्र आलं होतं, तिला वाचता येईना. मी वाचून दाखवलं. केबिनमधल्या सगळ्या जणी ऐकायला बसल्या, एक अक्षर कळत नसताना. मग रोज मागायला लागल्या.

सायली, शनिवार, 24 जानेवारी

मुक्ता, तुझं मेल छापून फ्रीजवर लावलंय. निखिलने दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर उठून टॉर्चच्या बॅटऱ्या तपासल्या.

सासूबाईंनाही फोनवर वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत देते, प्रसाद, तुझ्यासाठी आहे:

"आम्ही कॉलेजात असताना श्रमदानाच्या शिबिराला गेलो होतो. मुलगे-मुली एकत्र, फार पुरोगामी. दिवसभर सगळ्यांनी मिळून बांध घातला. संध्याकाळी मुलगे समतेवर चर्चा करायला बसले आणि साठ माणसांच्या भाकऱ्या आम्ही भाजल्या. चर्चा चांगली झाली म्हणे. मला ऐकू आली नाही, चूल लांब होती. पोरीला पाठवा."

प्रसाद, शनिवार, 24 जानेवारी

आजींना साष्टांग नमस्कार. मुक्ताचे तीन प्रश्न मी आजच एका कॅम्पला विचारले. त्यांनी नकाशा पाठवला. मुलीला यंदा डे कॅम्प, पुढच्या वर्षी बघू. मी अजून तयार नाही, ती आहे.

सायली, रविवार, 1 फेब्रुवारी

नाव घातलं. जुलैचा दुसरा आठवडा, तळ्यावरचा कॅम्प, सहा दिवस. ईराने स्वतःच "होड्या आणि तिरंदाजी" निवडलं. फॉर्मवर एक रकाना होता, "मुलीला काय विशेष येतं?" मी "सुंदर हस्ताक्षर" लिहिलं होतं, तिने ते खोडून "वेणी" लिहिलं. अजून येत नाही, पण म्हणे जुलैपर्यंत येईल.

रविवारी दुपारी सोडायला जायचंय, दीड तासाचा रस्ता. त्या आठवड्याला अजून कोणी जाणार असेल तर एका गाडीत जाऊ. सासूबाई पत्रं लिहिणार आहेत, पाच नाही, सहा. मुक्ता, तू यंदा त्याच भागात आहेस का गं?

आणि कोणाकडे मुलांच्या मापाची स्लीपिंग बॅग पडून आहे का?

मिलिंद, रविवार, 1 फेब्रुवारी

आहे. गॅरेजमध्ये. चेन अर्ध्यात अडकते, मेणबत्ती घासली की चालते. कधीही ये.