देवराईतलं पांढुरकं मॉस: ल्युकोब्रायमच ना?

प्रश्न
सिंधुदुर्गातल्या देवराईत आंब्याच्या बुंध्यावर, हातभर उंचीपर्यंत, मॉसचे (शेवाळासारख्या बुटक्या वनस्पतीचे) दाट पुंजके आहेत. ओले असताना फिकट हिरवे, वाळले की जवळजवळ पांढरे. पानं 5 मिमी, हात लावला की तुटतात. कॅप्सूल (बीजाणूंच्या देठावरच्या डब्या) नाहीत. हे ल्युकोब्रायम जातीचं मॉस म्हणू का?

प्रतिसाद १
नको. वर्णन ऑक्टोब्लेफॅरम अल्बिडम या दुसऱ्या मॉसकडे जातं. सखल कोकणात आंब्या-माडाच्या बुंध्यांवर आणि कुजक्या लाकडावर ते वाढतं, थोडं ऊनही सोसतं. पांढऱ्या रंगावर मात्र विसंबू नका. दोन्हींच्या पानांत रिकाम्या, मृत पेशींचे थर असतात. त्यांत पाणी शिरलं की मधला हिरवा थर दिसतो, हवा भरली की पान पांढरं. 10 पट भिंगाने आकार बघा: ऑक्टोब्लेफॅरमचं पान पट्टीसारखं सपाट, शेवटी एकदम बारीक टोक. ल्युकोब्रायमचं निमुळतं होत जातं आणि वरच्या भागात पन्हाळीसारखं वळतं.

प्रतिसाद २
सहमत, पण खात्री पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघूनच. पान भिजवून काचपट्टीवर ठेवा, वर दुसरी काचपट्टी दाबून धरा आणि तिच्या कडेलगत नवं ब्लेड चालवा. दर कापाला वरची काच केसभर मागे घ्या. पंचवीसेक काप घ्या, त्यातले दोन-तीन कामाचे निघतात. काप पानाच्या मध्यातलेच हवेत. हिरव्या पेशी त्रिकोणी असतील तर ऑक्टोब्लेफॅरम, चौकोनी असतील तर ल्युकोब्रायम. छेद काळा दिसला तर पेशींत हवा अडकली आहे. साबणाच्या पाण्याचा थेंब घालून काच किंचित गरम करा.

प्रश्नकर्ता
कॅप्सूल मिळाली तर काय बघू? आणि नमुना कसा ठेवू?

प्रतिसाद १
कॅप्सूलच्या तोंडाभोवतीचे दात मोजा. ऑक्टोब्लेफॅरमला 8, नावाचा अर्थच आठ पापण्या. देठ आखूड, कॅप्सूल ताठ उभी. ल्युकोब्रायमला 16 दात, देठ लांब, कॅप्सूल कललेली. कॅप्सूल नसली तरी मॉसचं बिघडत नाही. तुटलेल्या पानांपासूनही नवी रोपं येतात, म्हणून तर ती इतकी ठिसूळ.

नमुना अंगठ्याच्या नखाएवढाच घ्या, तोही गावच्या मानकऱ्यांना विचारून. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी लागते, वर्तमानपत्राची पुडी करा. पुडीवर झाड, जमिनीपासूनची उंची, सालीचा ओलावा आणि तारीख तिथेच पेन्सिलीने लिहा. शाई ओल्या कागदावर पसरते.