मदत हवी आहे: कोळंबीच्या कारखान्यातली लॅबची नोकरी घेऊ की नको? उद्या कळवायचंय

मिऱ्याची_पोर: रत्नागिरीत निर्यातीच्या कारखान्यात लॅबसाठी निवड झालीय. मला पाण्यातल्या सूक्ष्मजीवांवरच काम करायचंय, पुढेही तेच. नोकरी घेतली तर संशोधनाची वाट बंद होते का? प्लीज लवकर सांगा.

खाडीकाठ: शिक्षण किती ते लिही आधी. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे, तिथे चौकशी कर.

जुना_लॅबवाला: तिथे बारावीनंतर बीएफएस्सीला, म्हणजे मत्स्यशास्त्राच्या पदवीला जातात. ही परत चार वर्षं घालवणार का? नोकरी घे गो. मी असल्याच लॅबमध्ये होतो. साल्मोनेला, ई. कोलाय, व्हिब्रिओ, सगळे जीवाणू हाताखालून जातात. टीसीबीएसच्या (व्हिब्रिओ वाढवायच्या माध्यमाच्या) प्लेटवर पिवळ्या वसाहती दिसल्या की कॉलऱ्याच्या व्हिब्रिओचा संशय, हिरव्या दिसल्या की पॅराहिमोलिटिकस या दुसऱ्या व्हिब्रिओचा. मग खात्रीच्या चाचण्या. ही नजर हाताने काम करूनच येते.

मांडवी_जेटी: नजर येते, पण अहवालात 'आढळला' नाहीतर 'आढळला नाही' एवढंच लिहायचं. तो जीवाणू त्या पाण्यात का वाढला, हे तिथे कोणी विचारत नाही, आणि हिला तेच हवंय. गोव्यात दोना पावलाच्या एनआयओत (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत) पीएचडी कर. नेट परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० मिळतात.

जुना_लॅबवाला: आणि नेट निघेपर्यंत? लाइफ सायन्सेसचा अभ्यासक्रम १३ घटकांचा आहे, त्यात वनस्पतीही आल्या.

आंबेवाला_देवगड: पाण्याचा विषय निघालाय म्हणून सांगतो. विहिरीचं पाणी एच२एसच्या (पाणी दूषित आहे का ते तपासायच्या) बाटलीत भरून ठेवा. काळं पडलं तर पिऊ नका, ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग पावडर) घ्या.

खाडीकाठ: थंडीत रात्री लाटा निळ्या चमकतात, तेही जीवाणूच ना?

मांडवी_जेटी: आपल्याकडे बहुतेक वेळा नॉक्टिल्युका. एकपेशीय, पण जीवाणू नव्हे. धागा भरकटतोय.

मिऱ्याची_पोर: एमएस्सी मायक्रो झालीय. नेटचा अभ्यास चालू आहे. दोन वर्षांचा बॉण्ड आहे, तो सगळीकडेच असतो ना?

जुना_लॅबवाला: बॉण्डचं आधी सांगायचंस! सगळीकडे नसतो. उद्या होकार देऊ नकोस, फोन करून दोन गोष्टी विचार: पीएचडीला प्रवेश मिळाला तर सोडतात का, आणि मूळ गुणपत्रिका ठेवून घेतात का. उत्तर ईमेलवर माग.

मांडवी_जेटी: याला माझंही अनुमोदन. शिफ्टही विचार. रात्रपाळी असेल तर नेटचा अभ्यास होणार नाही.