मुलगा बारा वर्षांचा, ‘डीमन स्लेयर’ मागतोय. काय बघून ठरवायचं?

वसईची आई

सर्वांना जय येशू. मुलगा सातवीत आहे. ‘डीमन स्लेयर’ ही जपानी ॲनिमे (कार्टून) मालिका. सप्टेंबर २०२५ मध्ये तिचा ‘इन्फिनिटी कॅसल’ हा सिनेमा थिएटरला लागला तेव्हापासून घरात हाच विषय. वर्गातली बरीच मुलं ही मालिका बघतात, याला पहिल्या भागापासून बघायची आहे. धाकटी आठ वर्षांची, दादा बसला की ती शेजारी बसणारच.

सासूबाई म्हणतात, नावातच सैतान आहे, विचार कसला करायचा? मिस्टर म्हणतात, कार्टून तर आहे. मला दोन्ही पटत नाही. संध्याकाळी आमच्याकडे रोजरी होते. ती झाली की त्याच पोराच्या हातात मुंडकी उडवणारी मालिका द्यायची का? यात सैतानाची पूजा वगैरे खरंच आहे का? ज्यांनी स्वतः बघितली आहे त्यांनी सांगा, प्लीज. ऐकीव नको.

संडे स्कूल शिक्षक, अहिल्यानगर

ताई, सलाम. मी बघितली आहे. आमच्या मंडळीतली मोठी मुलं बघतात, म्हणून त्यांच्याबरोबर बसून बघितली.

आधी सासूबाईंच्या शंकेबद्दल. यातले राक्षस म्हणजे बायबलमधले पतित दूत नाहीत. ती मुळात माणसंच. मुझान नावाच्या राक्षसाच्या रक्तामुळे पालटलेली. त्यांची पूजा करा, त्यांना बोलवा, असं ही कथा कुठेही शिकवत नाही. उलट नायक तान्जिरो ज्याला मारतो त्याच्यासाठीही हळहळतो. सुरुवातीच्या भागांत डोंगरावर एक पुष्कळ हातांचा राक्षस आहे, ज्याने कितीतरी मुलं खाल्लीत. तो मरताना तान्जिरो त्याचा हात हातात घेतो आणि देवाला विनवतो, पुढच्या जन्मी याला राक्षस करू नको. वैऱ्यासाठी प्रार्थना करणारा पोरगा! मला तिथे गलबलून आलं. पण ‘पुढचा जन्म’ आपल्या विश्वासात बसत नाही. आपली आशा पुनरुत्थानाची आहे. बारा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो, फक्त त्याच वेळी शेजारी बसून कुणीतरी बोलायला हवं.

माझी काळजी वेगळीच आहे. पहिल्याच भागात तान्जिरो घरी येतो तर आई आणि भावंडं रक्ताच्या थारोळ्यात. लहान भावंडं, ताई. तुमच्या आठ वर्षांच्या मुलीने हे बघू नये, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. दुसरं म्हणजे योशिवारा. पुढे एक अख्खं पर्व जपानच्या या जुन्या वेश्यावस्तीत घडतं. अंगावर जेमतेम कपडे असलेली राक्षसीण आहे, तीन बायकांचा नवरा असलेला योद्धा आहे. बारा वर्षांच्या मुलाबरोबर बसून ते बघणं मला जमणार नाही, आणि एकट्याने बघ असंही म्हणवणार नाही.

म्हणून मी भूत-राक्षस-जादू शोधत बसत नाही. तीन गोष्टी बघतो. मारण्याची मजा वाटायला लावतात का? बाईचं शरीर कसं दाखवतात? आणि शेवटी मूल कुणासारखं व्हावंसं वाटून उठतं? पौलाने फिलिप्पैकरांस पत्रात (४:८) जे सत्य, जे न्याय्य, जे शुद्ध त्याचं मनन करा म्हटलं, ते मला मालिकेलाही लावता येतं.

ओटीटीवर वयाचा शिक्का असतो: यू, यू/ए ७+, १३+, १६+, ए. तो वाचाच. पण त्यातून रक्त, शिव्या, नग्नता एवढंच कळतं. मालिका कशावर प्रेम करायला लावते, हे शिक्का सांगत नाही.

नाशिककर

आमच्या घरी ॲनिमे पूर्ण बंद आहे आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. आम्ही दोघं नोकरी करतो. प्रत्येक भाग आधी बघायला वेळ कुणाकडे आहे? जे तपासता येत नाही ते घरात आणायचं नाही.

संडे स्कूल शिक्षक, अहिल्यानगर

दादा, तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. वेळ नसेल तर ‘नाही’ म्हणणं हे प्रामाणिक उत्तर आहे.

वसईची आई

धन्यवाद सर. इतकं सविस्तर कुणी सांगितलंच नव्हतं. पण हा म्हणतो, ते नाही तर ‘नारुतो’ दे, नाहीतर ‘डेथ नोट’. म्हणे ‘डेथ नोट’मध्ये क्रॉस, चर्चची घंटा सगळं आहे, म्हणजे चालेल.

संडे स्कूल शिक्षक, अहिल्यानगर

‘डेथ नोट’ आत्ता अजिबात नको. क्रूस दिसला म्हणजे कथा ख्रिस्ती झाली असं नाही. जपानी मालिकांत आपली चिन्हं पुष्कळदा नुसती गूढ वाटतात म्हणून वापरतात. ‘इव्हँजेलियन’ (१९९५) मध्ये आदाम आहे, ख्रिस्ताच्या कुशीत खुपसलेला भाला आहे, क्रूसाच्या आकाराचे स्फोट आहेत. पण सुवार्ता नाही. ‘डेथ नोट’मध्ये तर एक हुशार विद्यार्थी वहीत नावं लिहून माणसं मारतो आणि नव्या जगाचा देव व्हायला निघतो. एका भागात पाय पुसण्याचा प्रसंग आहे, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्या पवित्र गुरुवारची आठवण यावी असा. पण पाय पुसून घेणारा खुनी आहे, आणि तो पकडला जाऊ नये म्हणून आपलाच जीव टांगणीला लागतो. हा ओढा फार बारीक असतो. सोळा-सतराच्या मुलाबरोबर रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय (सूड देवावर सोपवा म्हणणारा) उघडून यावर बोलता येईल. सातवीच्या मुलाला ते ओझं कशाला?

‘नारुतो’, म्हणजे एका निन्जा पोराची गोष्ट, त्यामानाने सौम्य. हाताच्या मुद्रा आणि चक्र यांना घाबरू नका, ते त्या गोष्टीचे नियम आहेत. मात्र मूल ते खरं मानून करू लागलं तर बोला. सूड सोडून देण्याबद्दल त्यात फार चांगलं आहे. चावट विनोदही आहेत, नारुतोचा गुरूच बायकांच्या न्हाणीघरात डोकावणारा आहे. आणि लांबी बघा: पहिली मालिका २२० भाग, तिचीच पुढची ‘शिप्पूडेन’ ५०० भाग. भाग साधारण तेवीस मिनिटांचा धरला तरी पावणेतीनशे तास होतात. सातवीतलं मूल हे तास कुठून काढणार? झोपेतून, अभ्यासातून, नाहीतर तुमच्या रोजरीतून. हा प्रश्न मला राक्षसांपेक्षा मोठा वाटतो.

धाकटीसाठी ‘माय नेबर टोटोरो’ (१९८८) बघा. त्यात बाबा आणि मुली एका मोठ्या झाडाला वाकून धन्यवाद देतात. आपण झाड निर्माण करणाऱ्याचे आभार मानतो, एवढं तिला सांगा. आणि सासूबाईंना जरूर सांगा, ‘सुपरबुक’ ही बायबलच्या गोष्टींची मालिका १९८१ मध्ये जपानच्या तात्सुनोको स्टुडिओनेच बनवली. ओसामू तेझुका, ज्यांना तिकडे मांगाचे (जपानी चित्रकथांचे) दैवत म्हणतात, त्यांनीही जुन्या करारावर २६ भागांची मालिका हाती घेतली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर दाखवली गेली.

पुण्यातली कॉलेजवाली

काकू, मी ‘नारुतो’ बघत मोठी झाले, अजून मिस्साला जाते. 😊 मला सगळ्यात उपयोगी पडलं ते म्हणजे मम्मी विचारायची, “आज काय झालं त्यात?” ओरडायची नाही. त्यामुळे विचित्र काही आलं की मीच तिला सांगायचे. लपून बघणाऱ्या मैत्रिणींना सांगायला कुणीच नव्हतं.

आणि तुम्ही वसईच्या! नागासाकीत १५९७ मध्ये क्रूसावर मारलेल्या सव्वीस जणांत संत गोन्सालो गार्सिया होते, ते वसईचेच. तुमच्या मुलाला जपानचं वेड आहे तर ही गोष्ट सांगा ना.

वसईची आई

अगं, त्यांच्या सणाला आम्ही जातो, पण त्याच्या डोक्यात हे कधी जोडलंच गेलं नसेल. सांगते.

ठरवलं ते असं. ‘डीमन स्लेयर’चे पहिले काही भाग आधी मी एकटी बघणार. मग शनिवारी एक भाग, मी त्याच्या शेजारी, धाकटी आजीकडे. योशिवाराचं पर्व आत्ता नाही, आणि का नाही तेही त्याला सांगणार. ‘डेथ नोट’ नेटफ्लिक्सवर त्याच्या प्रोफाइलमधून बंद करते.

सर, ते पर्व नेमक्या कुठल्या भागापासून सुरू होतं ते लिहाल का? आणि त्यानंतरचं सलग कळेल ना, मध्ये गाळलं तर?