नोकोडॅझोल दिल्यावर अ‍ॅक्टिनचे स्ट्रेस फायबर का वाढतात?

टिळकवाडी, बेळगाव
हेला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या) पेशींना मायक्रोट्यूब्यूल मोडणारं औषध नोकोडॅझोल, १० मायक्रोमोलर, ३७ अंशांवर ३० मिनिटं. मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे ट्युब्युलिन प्रथिनाच्या नळ्या, गेले, ते ठीक. पण फॅलॉइडिनमध्ये (अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना धरणाऱ्या रंगात) स्ट्रेस फायबर, म्हणजे त्या धाग्यांच्या ताणलेल्या जुड्या, जाड झालेत आणि पेशी आक्रसल्यात. औषध तर ट्युब्युलिनलाच चिकटतं ना? शिवाय नुसतं डीएमएसओ (औषधाचं द्रावक) दिलेल्या कंट्रोल कव्हरस्लिपवरही मायक्रोट्यूब्यूल तुटक दिसतात.

निपाणी
ताई, औषध ट्युब्युलिनलाच चिकटतं. मधला दुवा जीईएफ-एच१, म्हणजे रो-ए या स्विचसारख्या प्रथिनाला चालू करणारं प्रथिन. मायक्रोट्यूब्यूलला बांधलेलं असेपर्यंत हे प्रथिन गप्प असतं. नळ्या मोडल्या की सुटतं आणि रो-ए वरचा जीडीपी जाऊन जीटीपी बसतो, म्हणजे रो-ए चालू होतं. मग त्याने जागं झालेलं रॉक कायनेज (फॉस्फेट लावणारं एन्झाइम) धागे ओढणाऱ्या मायोसिनच्या हलक्या साखळीला फॉस्फेट लावतं, वर तो काढणाऱ्या फॉस्फटेजलाही दाबतं, म्हणून ताण वाढतो. एमडाया हे फॉर्मिन त्याच वेळी अ‍ॅक्टिनचे धागे लांबवतं.

पडताळायचं तर आधी ३० मिनिटं वाय-२७६३२ (रॉकला रोखणारं औषध), १० मायक्रोमोलर, आणि नोकोडॅझोलमध्येही तेवढंच ठेवा. नळ्या जातील, पण फायबर वाढणार नाहीत. अर्थात यातून रॉकचा हात कळतो, जीईएफ-एच१ चा नाही. त्यासाठी एसआयआरएनएने (ठरावीक प्रथिन बनणं रोखणाऱ्या आरएनएच्या तुकड्याने) तेच कमी करून बघायला हवं.

खानापूर
कंट्रोलमध्ये मला थंडीचा संशय येतो. गारव्यात मायक्रोट्यूब्यूल सुटे होतात, आणि डिसेंबरात आपल्याकडे सकाळी बाकावरची पीबीएसची (पेशी धुण्याच्या खारट बफरची) बाटली चांगलीच गार असते. त्यात धुतलं की पेशी फिक्स होण्याआधीच (रसायनाने आहे तशा पक्क्या होण्याआधीच) नुकसान होतं. कॅल्शियमही नळ्या मोडतं, म्हणून ते धरून ठेवणारं ईजीटीए असलेला बफर घ्या: पाइप्स ८० मिलिमोलर, ईजीटीए १, मॅग्नेशियम क्लोराइड १, पीएच ६.८. त्यातच ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड आणि ०.१ टक्का ग्लुटाराल्डिहाइड, सगळं ३७ अंशांवर आणून, १० मिनिटं. ग्लुटाराल्डिहाइडमुळे पार्श्वभूमी चमकते. ताज्या सोडियम बोरोहायड्राइडने, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, ती उतरवा. बुडबुडे येतात, झाकण घट्ट लावू नका. काही अँटिबॉडी ग्लुटाराल्डिहाइडनंतर चालत नाहीत, तुमची आधी तपासा.

उणे २० चं मिथेनॉल मात्र नको. नळ्या छान दिसतील, पण अ‍ॅक्टिनची घडण बिघडते आणि फॅलॉइडिन धरत नाही.

टिळकवाडी, बेळगाव
पीबीएस खोलीच्याच तापमानाचा होता. औषध धुऊन काढलं तर सगळं मागे येतं का सर?

निपाणी
येतं. कोमट मीडियाने तीनदा धुवा. ५, १५, ३० आणि ६० मिनिटांना फिक्स करा. वाढत्या नळ्या पेशीला पृष्ठभागाशी बांधणाऱ्या फोकल अ‍ॅडहेजनपर्यंत पोचल्या की ती सुटायला लागतात, त्यात डायनॅमिन (पेशीच्या पटलाचे पुडके तोडणारं प्रथिन) लागतं. म्हणून या जोडांमधलं प्रथिन व्हिन्क्युलिनही रंगवा. एमएसीएफ१ या प्रथिनाचं एक टोक अ‍ॅक्टिन धरतं, दुसरं मायक्रोट्यूब्यूल. नळ्या अ‍ॅक्टिनच्या कडेकडेने तिथवर नेण्यात त्याचाच हात असतो.