‘एक्स-रे म्हणजे साठत जाणारं विष’ हे वाचून राहवलं नाही

काळोखी_खोली (धागाकर्ता)
परवा एक पोस्ट फिरत होती. ‘एक्स-रे म्हणजे शरीरात साठत जाणारं विष. पटत नसेल तर बघा, बटण दाबताना टेक्निशियन स्वतः भिंतीमागे पळतो.’ खाली सगळ्यांनी हात जोडलेले. एका बाईंनी लिहिलं होतं, मुलाचा हात सुजलाय पण आता फिल्म काढणार नाही. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

तो भिंतीमागे पळणारा माणूस मी. बावीस वर्षं झाली. तुम्ही वर्षातून एकदा येता, मी दिवसाला पन्नास-साठ वेळा बटण दाबतो. दर वेळी तुमच्या शेजारी उभा राहिलो तर महिन्याला हजाराच्या वर एक्सपोजर माझ्या अंगावर येतील. म्हणून जातो.

आणि एक्स-रे साठत नाही. बटण सोडलं की संपला. दिवा मालवल्यावर उजेड खोलीत मागे राहतो का? छातीच्या एका फिल्मचा डोस ०.१ मिलिसिव्हर्टच्या (किरणांचा मारा मोजायचं एकक) आत. जमिनीतून, हवेतल्या रेडॉन वायूमधून, आकाशातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात, म्हणजे ती फिल्म फार तर पंधरवड्याचा हिशेब. पोटाचा सीटी स्कॅन मात्र ८-१० पर्यंत जातो, तिथे दोनदा विचार करा.

गरजेची फिल्म टाळू नका, बिनगरजेची काढू नका, आणि काढताना किरण अडवणारा शिशाचा एप्रन हक्काने मागून घ्या. एवढंच सांगायचं होतं.

दोन_पिल्लांची_आई
साठत नाही तर आधीचे किती झालेत हे का मोजायचं? आणि मोजतं कोण? माझा मुलगा पाच वर्षांचा असताना जिन्यावरून पडला. डोक्याचा सीटी. तिथून दुसरीकडे हलवलं, पुन्हा सीटी, कारण ‘आम्हाला आमच्या मशीनवरचा हवा’. आठवड्याने तिसरा, ‘एकदा खात्री करू’. पहिल्या दोन्ही सीडी माझ्या पर्समध्ये होत्या. एकानेही मागितल्या नाहीत.

२०१२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास आला. लहानपणी सीटीचा डोस जास्त झालेल्यांत रक्ताचा कर्करोग आणि मेंदूच्या गाठी जास्त दिसल्या. एका मुलामागे धोका फार थोडा, तेही त्यातच लिहिलंय. पण तो थोडा धोका माझ्या मुलाच्या पदरात तीनदा का टाकला?

काळोखी_खोली
ताई, दुसरा आणि तिसरा का काढला ते मी इथून सांगू शकत नाही. पण सीडी न बघता काढला असेल तर चुकलंच. आणि शब्द माझा तोकडा पडला, मान्य. किरण साठत नाहीत. पण पेशीतल्या डीएनएला धक्का लागण्याची शक्यता दर वेळी नव्याने येते आणि तिची बेरीज होत जाते. लहान मुलांत तर जास्त, त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात आणि पुढे आयुष्यही लांब असतं.

सिग्नल_फुल
तुम्ही सगळे वर्षातून एकदाच्या एक्स-रेवर भांडताय आणि डोक्यावरचा मोबाईलचा टॉवर चोवीस तास चालू आहे. आमच्या समोरच्या गच्चीवर बसवला आणि चार वर्षांत इमारतीतले दोघं कर्करोगाने गेले. त्यातली एक माझी सख्खी वहिनी. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संस्थेने या लहरी संशयितांच्या यादीत घातल्या आहेत. त्यावर कोणी का बोलत नाही?

अर्धायुष्य
वहिनींचं वाईट वाटलं. पण ती यादी ‘२बी’. तिचा अर्थ पुरावा तोकडा आहे, शक्यता पूर्ण नाकारता येत नाही. त्याच संस्थेने सूर्यप्रकाश पक्क्या कर्करोगकारकांत घातलाय, आणि भर उन्हात बिनटोपीचं तासन्‌तास उभं राहताना कोणी निवेदन देत नाही. मोबाईलच्या लहरीत अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकदच नसते. एक्स-रेत आणि गॅमा किरणांत असते, आणि डीएनएला धक्का लागतो तो त्यातून. फरक तिथे आहे.

खरा घात कसा होतो ते बघायचं तर ब्राझीलमधलं गोयानिया, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या दवाखान्यात कर्करोगावरच्या उपचाराचं जुनं यंत्र तसंच सोडलेलं. भंगारासाठी दोघांनी ते काढून नेलं, फोडलं. आत किरणोत्सारी सीझियम-१३७ ची भुकटी, अंधारात निळसर चमकणारी. लोकांनी कौतुकाने घरी नेली, अंगाला चोळली. सहा वर्षांची एक मुलगी त्याच हातांनी जेवली. ती धरून चार जण गेले. लाखाच्या वर लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ते सापडलं. हे मात्र साठतं, कारण इथे पदार्थच शरीरात जातो. एक्स-रेच्या खोलीत तसं काही घडत नाही.

आता धागाकर्त्यांना. बाकी सगळं पटलं, पण ‘एप्रन हक्काने मागून घ्या’ हे काढून टाका. ते जुनं झालं.

सिग्नल_फुल
दोन माणसं गेल्यावर ‘२बी’चा अर्थ समजावू नका. विज्ञान तुमच्याकडे ठेवा. मी फोन उशाशी ठेवणं बंद केलंय आणि टॉवर हलेपर्यंत अर्ज करत राहणार.

काळोखी_खोली
अर्धायुष्य, जुनं झालं म्हणजे? बावीस वर्षं मी तरुण मुलींच्या, लहान पोरांच्या ओटीपोटावर स्वतःच्या हाताने एप्रन ठेवत आलोय. पुस्तक वाचून सांगणं सोपं असतं. टेबलावर झोपलेल्या माणसाचा चेहरा मी रोज बघतो.

अर्धायुष्य
पुस्तक नाही. २०१९ साली अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनने सांगितलं की रुग्णाच्या जननेंद्रियांवर नेमाने शिसं ठेवणं थांबवा. पोटाच्या आत जे किरण विखुरतात ते बाहेरच्या एप्रनने अडत नाहीत. एप्रन जरा सरकून चित्रात आला की फिल्म वाया, पुन्हा काढा, म्हणजे डोस दुप्पट. आणि मशीन ऑटोवर असेल, म्हणजे किरण किती सोडायचे ते स्वतः ठरवत असेल, तर समोर शिसं आल्याबरोबर ते किरण वाढवतं. वाचवायला ठेवलेला एप्रन उलट डोस वाढवतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलाबाळांत आनुवंशिक दोष वाढलेले आढळले नाहीत, हेही त्यामागचं एक कारण.

दोन_पिल्लांची_आई
म्हणजे मागच्या वर्षी मुलाला एप्रन दिला नाही म्हणून मी त्या खोलीत जो आरडाओरडा केला तो चुकीचा? त्या टेक्निशियनने मला एक वाक्य समजावून सांगितलं असतं तर? तो फक्त ‘आता देत नाहीत’ म्हणाला आणि आत गेला. तीनदा बेफिकिरी बघितलेल्या आईने त्यातून काय समजायचं?

कॅथलॅब_सिस्टर
रुग्णाच्या एप्रनवर एवढं बोलताय, आमच्या एप्रनवर कोण बोलणार? कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी किरणांखाली चालते तिथे, आठ-आठ तास तो अंगावर असतो, संध्याकाळी खांदे आणि कंबर हलत नाही. तो टांगून ठेवायचा असतो. आमच्याकडे घडी घालून खुर्चीच्या पाठीवर फेकतात, घडीवर आतलं शिसं तडकतं, वरून कापड शाबूत दिसतं. अंगावर पडलेले किरण मोजणारा बॅज कितीतरी जणांचा लॉकरमध्ये, कारण आकडा जास्त आला तर महिनाभर बाहेर बसवतील ही भीती.

आमच्या एका सरांना पंचेचाळिशीतच मोतीबिंदू झाला, भिंगाच्या मागच्या बाजूला, किरणांचा होतो तिथेच. शिशाचा चष्मा ड्रॉवरमध्ये होता, जड वाटतो म्हणून. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर वर्षाला १५० वरून २० मिलिसिव्हर्टवर आणली ती उगाच नाही. नव्या मुलींना मी एकच शिकवते: किरण चालू असताना तुझं काम नसेल तर मागे सर. अंतर दुप्पट केलंस की मारा चौथाईवर येतो. मागे सरायला काही घालावं लागत नाही.

काळोखी_खोली
सिस्टर, तुम्ही जुनी गोष्ट आठवून दिलीत. मला ज्यांनी शिकवलं ते बाळांचे पाय स्वतः धरून ठेवायचे, आईने धरलं तर हलतं म्हणून. हात थेट किरणांत, वर्षानुवर्षं. शेवटी नखांवर उभ्या रेघा पडल्या होत्या, बोटांची कातडी कागदासारखी पातळ आणि सतत भेगाळलेली. उजव्या तर्जनीचं टोक कापावं लागलं, कर्करोग निघाला. फिल्मची कॅसेट उचलताना ते बोट तसंच पुढे यायचं. त्या दिवसापासून मी बाळाला पट्ट्याने बांधतो, अगदीच जमलं नाही तर घरच्या माणसाला एप्रन घालून बाजूला उभं करतो. गरोदर असेल तर तिला नाही.

अर्धायुष्य, रात्री वाचलं. ऑटोवर किरण वाढतात हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, मशीन रोज माझ्याच हाताखाली असतं. बरोबर आहे तुमचं. पण उद्यापासून एप्रन काढून घेतला तर लोक घाबरणार, आणि त्यांना समजावायला दर माणशी दोन मिनिटं मला कोणी देणार नाही. मी ती काढीन. बाकीच्यांचं सांगता येत नाही.

दोन_पिल्लांची_आई
दोन मिनिटं काढाच. मी आता दोघांच्या नावाची वही केली आहे. तारीख, कुठला भाग, एक्स-रे की सीटी, कशासाठी. सीडी त्याच पिशवीत. पुढच्या वेळी कोणी विचारलं नाही तर मीच समोर ठेवणार आणि ‘यावरून भागणार नाही का’ असं विचारणार. सोनोग्राफीने भागत असेल तर तेही.

काळोखी_खोली
ताई, त्या वहीत मशीनवर दिसणारा डोसचा आकडाही लिहून मागा, सीटीला तो रिपोर्टसोबत निघतो.

आणि सिस्टर, आज दुपारी सगळे एप्रन स्क्रीनिंगखाली, म्हणजे एक्स-रेच्या पडद्यावर, घालून बघितले. सातपैकी दोन गेलेले. एकाला खांद्यापाशी बारीक भेग. दुसऱ्याला कंबरेवर, बरोब्बर घडीच्या रेषेत, वीतभर लांब. तो दुसरा मी पोर्टेबल मशीन वॉर्डात नेतो तेव्हा वापरतो. बहुतेक दोन वर्षं झाली.

कॅथलॅब_सिस्टर
नुसता बाजूला ठेवू नका, उद्या गडबडीत कोणीतरी तोच उचलेल. मधोमध कात्री मारा आणि तारीख टाका. शिसं आहे, कचऱ्यात टाकू नका. आणि बॅज लावताय ना, एप्रनच्या आत, छातीवर?